नऊ दिवसांपैकी पाच

बोईसर, १८ डिसेंबर २०२४

चि. सौ. पुष्पलतास,

अनेक उत्तम आशीर्वाद. एका भुकेल्या माणसाचे असल्यामुळे जरा जास्तच मनापासूनचे.

फोन करत नाही. सासूबाईंना ऐकू यावं म्हणून तुमच्याकडे प्रत्येक फोन स्पीकरवर लागतो, आणि आपला विषय सध्या स्पीकरवर घेण्यासारखा नाही. पत्र निमेशरावांच्या हाती देतो आहे. तू, मी, ते आणि तुझी वहिनी हेमाली यांच्यापलीकडे कुणाला कळायचं नाही, हे तुझं फर्मान मी शब्दशः पाळतो आहे. हिमानीचा साखरपुडा एकोणतीसला होऊ दे, मग वाणगाव स्टेशनवर फलक लाव.

सव्वीसला मुंबईला माझी तपासणी आहे. बहिणीला यकृताचा तुकडा द्यायचा तर आधी आपल्या यकृतातली चरबी दहा टक्क्यांच्या आत आणा, असं डॉक्टर म्हणाले होते. नोव्हेंबरात ती एकोणीस निघाली. तीस वर्षं मुलांना मिताहाराची सुभाषितं शिकवणाऱ्या माणसाची ही शोभा. निमेशरावांचा रक्तगट जुळत नाही, हिमानीनेही नेमका बापाचाच उचलला, त्यामुळे या रांगेत आता मी एकटाच उभा आहे. महिनाभर रोज पहाटे चाललो, उकडलेला दुधी खाल्ला, सहा किलो उतरलो. आता शेवटचे नऊ दिवस कच्चं खायचं ठरवलं आहे. दवाखान्यातल्या आहाराच्या बाई म्हणाल्या, उपाशी राहू नका, बाकी चालेल. तेव्हा कालपासून गाजर, काकडी, मोड आलेले मूग, पपई. विस्तवाशी संबंध संपला.

जुन्या वानप्रस्थांत एक जात होती, दन्तोलूखलिक. दात हेच ज्यांचं उखळ, असे. मी सध्या तोच आहे, फक्त उजव्या बाजूची दाढ नसल्यामुळे उखळ अर्धंच आहे. शाळेत सांगितलं, पोट बिघडलंय. शेजारी सांगितलं, व्रत आहे. नवापूरची भागी टोपली घेऊन दारात आली तेव्हा काही सुचेना, म्हणून बोंबील नकोत एवढंच म्हणालो. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच आत गेलो.

औषधं चुकवू नकोस. लोभ असावा, तो मात्र शिजलेला चालेल.

तुझा
दादा


वाणगाव, २० डिसेंबर

ती. दादास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून खूप दिवसांनी हसले. हसलं की पोट दुखतं, तरी हसले.

पण दादा, घोळ झालाय. तुझी भागी चिंचणीलाही टोपली घेऊन जाते हे तू विसरलास. तिने परवा दीपाताईंच्या ओट्यावर बसून सांगितलं, बोईसरचे मास्तर निम्मे झालेत, गालफडं बसलीत, बोंबील नाय म्हनले, तेंना कायतरी मोठं हाय. आता दीपाताई म्हणजे हिमानीची होणारी सासू. त्यांनी निमेशना फोन केला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, हिमानीच्या मामांची तब्येत बरी आहे ना. फोन स्पीकरवर होता. सासूबाई लगेच म्हणाल्या, मुलीच्या आजोळी काही आजार असला तर आत्ताच कळलेलं बरं, नंतर लोक तोंडात शेण घालतात.

त्या एवढंच बोलल्या, पण मला रात्रभर तेच ऐकू येत होतं. तुझ्यावरून सुरू झालेली चौकशी माझ्यापर्यंत यायला किती वेळ लागणार? माझे डोळे आता काजळानेही लपत नाहीत. मी कुणाकडे जातच नाही, सासूबाईंना एकटं सोडता येत नाही म्हणते. त्यांना ते ऐकून फार बरं वाटतं.

रविवारी चिंचणीला दीपाताईंच्या वाडीत उकडहंडी आहे. आपल्याकडच्या सगळ्यांना बोलावलंय. तू जा. आणि मामाला शोभेल असं जेव. एक दिवसाने काय होतंय? हिमानी त्या भावेशचं नाव निघालं तरी अजून लाजते रे. माझ्यामुळे तिचं मोडलं तर तुझा तुकडा घेऊन मी जगू कशाला?

नाही म्हणू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझी
पुष्पा


बोईसर, २३ डिसेंबर

चि. सौ. पुष्पलतास अनेक आशीर्वाद.

तुझी आज्ञा पार पाडली. सविस्तर अहवाल असा.

वाडीत मडकं उपडं घालून वर पेंढा पेटवला होता. पाण्याचा थेंब नाही, पण तेलाच्या बाबतीत चिंचणीकर हात आखडत नाहीत. वालाच्या शेंगा, कोनफळ, वांगी आणि मधोमध कोंबडी. त्यांच्याकडे मडकं उघडण्याचा मान नव्या सोयऱ्याचा असतो आणि उघडणाऱ्यानेच पहिला घास घ्यायचा, हे मला तिथे गेल्यावर कळलं. म्हणजे कोपऱ्यात बसून ताटात बोटं फिरवायची माझी युक्ती तिथेच संपली. तीस जणं बघत होती.

मडकं उघडलं आणि तो वास आला. पुष्पे, खोटं लिहीत नाही, पाच दिवस गाजर खाल्लेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. भावेश म्हणाला, मामा, धूर लागला का. मी हो म्हणालो. मग जेवलो. आधी तुझ्यासाठी, आणि दुसऱ्या वाढपापासून पुढे, कबूल करतो, स्वतःसाठी. दीपाताई स्वतः वाढत होत्या. पुरे म्हटलं की त्या आणखी घालत. एकदा म्हणाल्या, "मामा, खा तुम्ही. माणसाने खायलाच पाहिजे." आवाज जरा वेगळा वाटला, पण तोंडात कोंबडी असताना माणूस सूक्ष्म विचार करत नाही.

तिथेच आज रात्रीचं त्यांच्या दिरांकडचं आणि उद्याचं मावशींकडचं आमंत्रण मिळालं. एकाकडे जेवलो आणि दुसऱ्याकडे नाही, असं कसं चालेल? निमेशराव माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. दोघंही येतो म्हणालो.

भागीची आवई मिटली. पाच दिवस झाले होते, चार राहिले होते. परवा पंचवीसचा एक दिवस मिळेल, तेवढ्यात जमेल ते गाजर खाईन.

काळजी नसावी, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

तुझा
दादा


बोईसर, २८ डिसेंबर

चि. सौ. पुष्पलतास आशीर्वाद.

आज विनोद नाही. बारा टक्के निघाले. दहा हवे होते.

मी डॉक्टरांना म्हटलं, दोन टक्क्यांचं काय एवढं. ते म्हणाले, तुमच्या जिवाशी खेळता येणार नाही; तीन आठवडे पथ्य पाळा, सोळा जानेवारीला या, नक्की होईल. मी विचारलं, बहिणीला तीन आठवडे आहेत का. त्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि बघू म्हणाले.

ती तीन जेवणं जेवलो नसतो तर आकडा किती असता, हेही विचारलं. एवढ्याने फरक पडत नाही म्हणाले. चांगला माणूस आहे.

उद्या साखरपुड्याला तुला पाटावर फार वेळ बसावं लागू नये असं निमेशरावांना सांगितलं आहे. मी ताटातली फक्त काकडी खाईन. आता कोण काय म्हणतं ते बघू.

तुझा
दादा


वाणगाव, १५ जानेवारी २०२५

ती. दादास शि. सा. नमस्कार.

अक्षर हिमानीचं आहे, सांगते मी. तिला आता सगळं माहीत आहे. दोन ओळी लिहिते आणि डोळे पुसते, तेव्हा कागद ओला मिळाला तर तो माझा नाही.

तू दवाखान्यात आठ दिवस उशाशी बसलास, पण खोलीत कायम कुणीतरी होतं, म्हणून बोलायचं राहिलं. काल घरी सोडताना डॉक्टर मला म्हणाले की, ताप उतरला तरी पोटातलं पाणी आणि रक्तातला जंतुसंसर्ग बघता आता ऑपरेशन झेपणार नाही. तुझा आकडा दहा येवो की शून्य. तेव्हा उद्या तू मुंबईला जाऊ नकोस.

दीपाताई येऊन गेल्या. मी त्यांचा हात धरून सगळं सांगितलं, लपवलं म्हणून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पुष्पाताई, मी तुम्हाला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. माझी आई अशीच गेली." भागीचं ऐकून त्यांना वाटलं, बहिणीच्या काळजीने मामांचं अन्न तुटलंय. म्हणून त्यांनी तुला बळंच वाढलं, आणि दिरांना, मावशींनाही सांगितलं की त्यांना जेवायला बोलवा, एकटं सोडू नका. तुम्ही सांगत नव्हता, मग मी कसं विचारायचं, म्हणाल्या. लग्न मोडायचं त्यांच्या मनातही नव्हतं. उलट तारीख अलीकडे घेऊ म्हणतात, मला बघायला मिळावं म्हणून.

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. तुला सुचलं तर कळव, तुझ्याकडे शब्द जास्त आहेत. पण स्वतःला बोल लावायचा नाही. जा म्हणणारी मी होते.

आणखी एक. डॉक्टरांनी माझं पथ्य काढून टाकलं. मीठ, तेल, काय वाटेल ते खा म्हणाले. निमेश आनंदाने पिशवी घेऊन बाजारात गेले. त्यांना कळलं नाही. तुला कळेल.

रविवारी ये, आणि येताना भागीकडून बोंबील आण. ओले, तळायचे. आपण दोघं बसून खाऊ.

तुझी
पुष्पा


बोईसर, १७ जानेवारी

चि. सौ. पुष्पलतास,

शब्द मलाही सुचले नाहीत. पूर्वी सुचत असत.

काल सोळा तारीख होती. तू म्हणालीस म्हणून मुंबईला गेलो नाही, तरी गाजरच खाल्लं. साखरपुड्याच्या दिवसापासून पुन्हा सुरू केलं होतं, मोजलेही नाहीत किती दिवस झाले. हेमालीने रात्री पानात वरणभात वाढला आणि समोर बसून राहिली, तेव्हा जेवलो.

रविवारी येतो. आज सकाळी भागी दारात आली तेव्हा तिला रविवारचे बोंबील सांगून ठेवले, डझनभर, चांगले मोठे. तिने टोपली खाली ठेवली आणि खुशीत मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, "मास्तर, आता बरे झालात ना तुमी?"

मी हो म्हणालो.

तुझा
दादा