सर्व्हर सोमवारपासून चालू

३ मार्च २०२५, सोमवार
जमीन मोजणीचं ऑफिस, माणसं तीन आणि नकाशे पेनड्राइव्हवर फिरतात! मालक कमरोद्दीन साहेबांना सांगितलं, जुन्या कॉम्प्युटरवर युनिक्स सिस्टीम टाकून सर्व्हर करतो, सगळं एका जागी. डिप्लोमात शिकलोय. (पेपर राहिला, पण थिअरी पक्की.) साहेब म्हणाले, बद्रीनाथराव, बीस साल का काम है, संभालके. मी नुसता हसलो.

४ मार्च, सकाळी ११
सीडी जुनी आहे. जुनंच टिकतं. वीस वर्षांच्या नकाशांची एकुलती डिस्क आधीच जोडून ठेवली, नंतर वेळ जायला नको. मशीन विचारतं, कोणती डिस्क वापरू? दोन दिसतात, नाव सारखं, आकडा वेगळा. ड्राफ्ट्समन तनुजा म्हणाली, सर, आधी कॉपी काढू का? म्हटलं, युनिक्सला घाबरायचं नसतं. पहिली निवडली.

दुपारी ४
इन्स्टॉल झालं! काळा पडदा, पांढरी अक्षरं. लई समाधान.

६ मार्च
नेटवर्क कार्ड ओळखंना. कार्डच नवीन, त्याचा दोष. छावणीच्या बाजारातून जुनं आणलं. तनुजा म्हणते, सर, माझ्याकडं सर्व्हर दिसंना. तिला दिसणं हा शेवटचा टप्पा.

७ मार्च
दिसला! फोल्डर रिकामं. फाइली लपल्या असणार, युनिक्समध्ये सुरक्षेसाठी लपतात. सोमवारपर्यंत शोधतो. मॅन्युअल वाचायचंच.

१० मार्च
मॅन्युअल राहिलं. शेंद्र्याच्या द्वारकाबाई आल्या. दिरानं बांध सरकवलाय, बुधवारी सुनावणी. आमच्या नकाशावरच त्यांची सारी भिस्त. मी म्हटलं, काम चालू आहे, उद्या या. बाई म्हणाल्या, मशीन बिघडली व्हय? बिघडली नाय, म्हटलं. त्या बसूनच राहिल्या.
दुसरी डिस्क उघडली. जुनी विंडोज जशीच्या तशी. म्हणजे युनिक्स बसलंय ते नकाशांची डिस्क पुसून.

साहेबांना पार्टिशन समजावून सांगायला लागलो. ते म्हणाले, हौ या नै, एक बोलो. नक्शे हैं?
नै, म्हटलं.

११ मार्च, मंगळवार
साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. सकाळी तिघंही शेंद्र्याला. साहेबांनी स्वतः मोजणीचं मशीन लावून द्वारकाबाईंचं शेत नव्यानं मोजलं, तनुजानं आकडे लिहिले. मी उन्हात, मशीन जिच्यावर नेम धरतं ती प्रिझमची काठी धरून उभा. पाच तास. साहेब एवढंच म्हणाले, काठी सरळ धरा.
बाईंचा नकाशा होईल. बाकीचे गेले.
बांधावर त्यांचा सांडू नावाचा दीर बिडी ओढत बसला होता. त्यानं साहेबांना विचारलं, ह्यो काठीवाला नवीन का?
साहेब म्हणाले, हौ. आजच लागला.