चोरचोळीची शिवण

माय,

परवा दुपारपासून मला फोडणीचा वास लागत नाही. म्हणजे वास येतो, पण पोट ढवळत नाही. गेले तीन आठवडे कांदा तेलात पडला की मी तोंडावर पदर धरून मागच्या दाराशी पळायचे आणि सासूबाई हसायच्या, म्हणायच्या, चांगलंय, चांगलंय. परवा त्यांनी वरणाला लसणाची फोडणी दिली, मी शेजारी कोथिंबीर निवडत होते, आणि निवडतच राहिले. जुडी संपल्यावर लक्षात आलं. ही पाचवी वेळ आहे. आधीच्या चारही वेळा असंच झालं, आधी वास गेला आणि आठ-दहा दिवसांत सगळंच गेलं. डॉक्टरबाई म्हणतात, उलट्या थांबल्या म्हणजे तसंच असतं असं नाही, मनानं काही ठरवू नका. मी मान हलवते. काल मात्र सासूबाईंनी फोडणी दिल्यावर मी बाथरूममध्ये गेले, नळ मोठा सोडला आणि खोटंच ओकल्यासारखं केलं. बाहेर आले तर त्यांनी माझ्या हातावर लिंबाची फोड ठेवली. उद्या सकाळी अकराला सोनोग्राफी आहे.

तू गेलीस तेव्हा या शहराचं नाव वेगळं होतं, इतके दिवस झाले. औरंगपुऱ्यातली आपली खोली मात्र मला जशीच्या तशी दिसते. खिडकीशी मशीन, खाली चिंध्यांचं गाठोडं, आणि दार लोटून घेऊन तू बायकांच्या ब्लाउजची मापं घेतेस. एखादीच्या छातीला टेप लावली की तू जरा थांबतेस, वहीत आकडा लिहितेस, आणि ती गेल्यावर मला म्हणतेस, "हिला तीन बोटं माया सोड." माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, पुढं अंग भरलं की उसवून मोठं करायला. बाकीच्यांना तू एकच बोट सोडायचीस. तीन बोटं फक्त दिवस गेलेल्या बाईला, आणि तिनं तर अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नसायचं. महिन्यानं ती पेढे घेऊन यायची आणि तू पहिल्यांदाच ऐकल्यासारखं तोंड करायचीस. मला तुझा लई अभिमान वाटायचा, आणि थोडी भीतीही.

भीती खरी ठरली अकरावीत. माझी पाळी चार महिने आली नव्हती. तू एका सोमवारी दार लावलंस आणि काही न बोलता माझ्या कमरेला टेप लावलीस. पुढच्या सोमवारी पुन्हा. तू काय मोजतेस हे कळलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुणासंगं फिरती?"

"कुणासंगंच नाय."

"खोटं बोलू नको. टेप खोटं बोलत नाय."

आकडा वाढत होता, कारण मी जाड होत होते. हनुवटीवर केस यायला लागले होते, चेहरा पुटकुळ्यांनी भरला होता, ते तुला दिसत नव्हतं का गं? पाच सोमवार मोजलंस. मग पाचोडच्या मावशीनं तुझे कान उपटले तेव्हा मला दवाखान्यात नेलंस. तिथल्या बाई म्हणाल्या, काही नाही, हार्मोनचा घोळ आहे, लग्न झालं की येईल जागेवर. परत येताना रिक्षात तू माझा हात धरलास, पण चुकलं म्हणाली नाहीस. मी तेव्हाच ठरवलं, माझ्या अंगातलं काही हिला आता सांगायचं नाही. त्या घोळाला पीसीओएस म्हणतात हे मला लग्न झाल्यावर कळलं.

तरी पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सगळ्यात आधी फोन तुलाच केला. लग्नाला चार वर्षं झाली होती, गोळ्या खाऊन खाऊन तोंड कडू झालं होतं. तू आतड्याच्या कॅन्सरनं अंथरुणाला टेकली होतीस. मावशी सांगायची, तू फोन ठेवलास आणि उठून बसलीस, हिरवा खण आणायला लावलास, आणि माझ्या जुन्या मापावरून त्याच दिवशी कापलास. तिसऱ्या महिन्यात आईनं लेकीला गुपचूप हिरवी चोळी द्यायची, चोरचोळी, ती आपल्या हातचीच व्हायला पाहिजे असा तुझा हट्ट. मी शनिवारी येणार होते. मंगळवारी रक्त जायला लागलं, बुधवारी डॉक्टरांनी पडद्याकडं बघून मशीन बंद केलं, शुक्रवारपर्यंत मी रिकामी झाले होते. शनिवारी तरी आले. दारात तुझा चेहरा बघितला, नुसती हाडं राहिली होती, पण डोळे हसत होते. माझ्यानं सांगवलं नाही. नवऱ्यालाही मी बजावून ठेवलं होतं.

तू उशीला टेकून बसलीस आणि म्हणालीस, "ये, माप घेऊ दे, जुनं माप काय कामाचं." टेप छातीभोवती आली. तू थांबलीस, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग टेप गुंडाळलीस आणि म्हणालीस, "नीट जेवत जा. लई अशक्त झालीस." दोन दिवस मशीन थांबत थांबत चालत होतं. सोमवारी स्वयंपाकघराचं दार लोटून तू माझी ओटी भरलीस, तांदूळ, नारळ, आणि घडी घातलेली चोळी, त्याच खणाच्या पट्टीनं बांधलेली. मी रिकाम्या पोटानं ती ओटी घेतली आणि तुझ्या पाया पडले. तू महिन्याभरानं गेलीस, आणि माझी अशी समजूत की तू नातवंड येणार म्हणून समाधानानं गेलीस.

त्या ओटीचा मला शाप लागला असं मी इतकी वर्षं मानत आले. कुणाला बोलले नाही. शेंद्र्याच्या कंपनीत मी पार्ट मोजते, केसाएवढा फरक पडला तरी माल परत पाठवते, आणि हे असलं मानते. दुसऱ्यांदा पडलं तेव्हा आम्ही नव्या डॉक्टरबाईंकडं गेलो. नवरा गाडी लावायला गेला होता. त्यांनी विचारलं, याआधी किती वेळा झालं? मी म्हणलं, हे पहिलंच. पहिलं सांगितलं असतं तर तुझ्याकडून घेतलेली ओटी खोटी पडली असती, असं काहीतरी डोक्यात होतं. तुझ्या लेखी ते जिवंत होतं ना. तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्या म्हणाल्या, दोनदा होऊ शकतं, पुन्हा झालं तर मुळापासून तपासू. तेव्हाही मी पहिलं लपवलंच. म्हणून चौथंही गेलं, माय. मग तपासण्या झाल्या, साखर वाढलेली निघाली, थायरॉइड निघालं, गोळ्या सुरू झाल्या. त्या म्हणतात, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. त्यांना काय माहीत. त्यांच्या फाइलवर अजून तीनच आहेत.

आज दुपारी सासूबाई म्हणाल्या, "उद्या जाताना आईची चोळी घाल. तिचा आशीर्वाद संगं असू दे." मी पेटीतून काढली. एकदाही घातली नव्हती, पट्टीसुद्धा सोडली नव्हती. अंगात जाईना, मी किती सुटलेय तुला माहीत नाही. म्हणून उलटी केली, म्हणलं तीन बोटं माया असेलच, उसवून घेऊ. एकच बोट होती. दुसऱ्या बाजूला एकच. आधी वाटलं, दुखण्यात विसरलीस. मग ती बांधायची पट्टी हातात घेतली. दोन बोटं रुंद, एका कडेला कात्रीचा वाकडा काप. शिवणीच्या कडेला लावून बघितली तर काप कापाला बसला.

म्हणजे तू तीन बोटं धरून कापलं होतंस, आणि माझं माप घेतल्यावर दोन बोटं काढून टाकलीस. तुला कळलं होतं. ओटी भरताना तुला माहीत होतं.

मला आधी तुझा राग आला, लई राग. एक शब्द बोलली असतीस तर मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले असते. मग वाटलं, मीही कुठं बोलले. तू मला सांभाळत होतीस, मी तुला, आणि त्यात ते पहिलं कुणाचंच झालं नाही. मी चोळी मांडीवर घेऊन अर्धा तास रडले. त्याच्यासाठी मी पहिल्यांदाच रडले.

उद्या डॉक्टरबाईंना चार सांगणार आहे. पडद्यावर काहीही दिसो, आधी ते सांगणार. हे पत्र पट्टीनं बांधून चोळीत ठेवते, दुसरीकडं कुठं पाठवणार.

आत्ता सासूबाईंनी कढीला फोडणी दिली. मोहरी, कढीपत्ता, लसूण, एकेक वास वेगळा ओळखू आला. पोटात काहीच हललं नाही. त्यांनी दारातून वाकून बघितलं, लिंबू हातात होतं. मी नळ सोडायला गेले नाही. त्यांना म्हणलं, "आई, परवापासून वास लागत नाय." त्यांनी लिंबू खाली ठेवलं आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या.