डाव्या गालाचं हसू

४ जून
गेल्या वर्षी १२ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. कानाखालची गाठ काढताना पहिल्या सर्जननी माझ्या चेहऱ्याची नस कापली आणि डावी बाजू ओल्या फडक्यासारखी लोंबली. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय, तक्रारीत आधी तारीख-वेळ, रडणं नंतर.

आज मात्र मजेत आहे. हसण्याच्या सरावासाठी या उपचारगृहात आले. मोठी खिडकी, बेसिनवर आरसा, चहा चक्क गरम. जानेवारीत दुसऱ्या सर्जननी मांडीतला स्नायू गालात बसवून चावण्याच्या नसेला जोडला. दात आवळले की गाल हसणार. आज हसला! भाची म्हणाली, "मावशी, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच!" तिचा कान पिळला.

९ जून
एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. मी रागावले की दात आवळते. आज आंघोळीचं पाणी गार होतं म्हणून सिस्टरला चांगलं फैलावर घेतलं. ती म्हणते, आजी, आज स्वारी खुशीत दिसते!

१४ जून
जानेवारीतले सर्जन आले. २२ तारखेला उजवीकडची चांगली नस थोडी छाटायची म्हणतात, म्हणजे दोन्ही बाजू जुळतील. माझी धडधाकट बाजू छाटणार! साफ नाही म्हटलं, दात-ओठ खाऊन म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फायलीत लिहिलं: रुग्ण समाधानी.

१८ जून
दुपारी आरशासमोर तोंड उघडं ठेवून बसले. दातांत बोटभर अंतर. तरी गाल हसला. मी काहीही केलं नव्हतं. सिस्टरला दाखवलं. म्हणाली, छान प्रगती.

२० जून
भाचीला म्हटलं, मला इथून ने. ती गोंधळली. म्हणाली, मावशी, आत्ताच तर ऑपरेशनला हो म्हणालीस. मी? उजवा ओठ मिटलेला होता. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून, माझ्याच आवाजात, लाडिक "हो गं" —

२१ जून, सकाळ
बोलायचं नाही. तोंड उघडलं की ते बोलतं. हात अजून माझा आहे.

सर्जन यांस — उजव्या बाजूला हात लावू नका. तेवढीच माझी उरली आहे. तोंडानं दिलेला होकार माझा नव्हे. हे मान्य असल्याचं उत्तर मला लेखी, सहीनिशी, उद्या सकाळी आठच्या आत —

सिस्टर आली. हे पान डॉक्टरांना देऊ का, विचारते. मी मान हलवली, हो, हो. ती मानेकडे बघतच नाही. तोंडाकडे बघते. म्हणते, बरं आजी, नको तर नको —

सिस्टर वही ओढते आहे — लेखी — आठच्या आत — ओठांचा उजवा कोपराही आत्ता वर —