कागदाएवढी फट

४ सप्टेंबर १९७७, रविवार

गाडी चालली नाही. म्हणजे लग्नाची बोलणीही झाली नाहीत.

भिकाजीभाऊंची अट सरळ आहे. त्यांचा भाचा जहाजावर असतो. त्याने जपानहून बिनतारी खेळगाडी आणली. हातातल्या डबीवरची कांडी हलवायची, गाडीने जमिनीवर पळायचं. ती पळत नाही.

"मास्तर, ही चालवून दावा, मग शालनचं बोलू. पुस्तकं वाचणाऱ्याला हात असत्यात का, बघू द्या आमाला."

रेल्वेच्या वर्कशॉपात हयात काढलेला माणूस! स्वतः का नीट करत नाहीत? विचारलं नाही. मुलगी मागायची आहे.

लोणावळ्याहून तळेगावला परतलो. एम.ए.ला हे नव्हतं.

११ सप्टेंबर

दोष सापडला! मोटरच्या टोकाला लहान पितळी चाक, मागच्या आसाला मोठं पांढरं. एकाचे दात दुसऱ्याच्या दातांत बसायला हवेत. मोटर दोन स्क्रूंवर धरलेली — पुढेमागे सरकते. सरकवून घट्ट भिडवली. गाडी किंचाळली, हातभर गेली, जळका वास सुटला.

"लय दाबलंत, मास्तर."

मोटर मागे घेतली. आता मोटर फिरते, गाडी जागची हलत नाही. नुसती करकर.

"आता लय सोडलंत."

शालन आतून म्हणाली, "आबा, सांगा ना त्यांना नीट!"

"सांगितल्यावर परीक्षा कसली गं?"

१८ सप्टेंबर

चालली! दोन्ही चाकांच्या दातांमध्ये चिक्कीच्या पुडीचा कागद धरला. मोटर दाबली, स्क्रू आवळले, कागद ओढून काढला. कागदाएवढी फट उरली. तेवढीच हवी होती.

गाडी ओसरीवरून सुसाट सुटली. शेजारच्या पुतळाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. "घूस! अगं बया, घूस!" म्हणत त्यांनी सूप तिच्यावर उपडं घातलं. सूप ओसरीभर फिरू लागलं. पुतळाबाई खांबाला धरून उभ्या.

शालन हसून हसून खाली बसली. भिकाजीभाऊ हसले नाहीत.

"एकदा चालली म्हंजे काय झालं? म्होरल्या ऐतवारी बघू."

२५ सप्टेंबर

करकर. स्क्रू सैल. "तुमचा हात कच्चा हाय, मास्तर." पुन्हा कागद, पुन्हा आवळलं. चालली. तर म्हणे म्होरल्या ऐतवारी.

२ ऑक्टोबर

तेच!

९ ऑक्टोबर

पुन्हा सैल. चालताना बसणाऱ्या हादऱ्यांनी होत असावं. शालनने मैत्रिणीकडून नखं रंगवायची बाटली आणून दिली. स्क्रूंच्या डोक्यांवर लाल थेंब सोडले. वाळले की स्क्रू आपोआप हलायचा नाही. भिकाजीभाऊ चुलीपाशी चहा करत होते. त्यांना दिसलं नाही.

१६ ऑक्टोबर

स्क्रू सैल. लाल रंग खरवडलेला.

भिकाजीभाऊंनी चहाचा कप पुढे केला. अंगठ्याच्या नखात लाल रंग. मी पाहिलं. मी पाहिल्याचं त्यांनी पाहिलं.

"पान लावत हुतो," म्हणाले.

ते पान खात नाहीत.

कप तसाच ठेवून निघालो. नकार द्यायचा तर तोंडाने द्यावा! शालनने स्टेशनच्या रस्त्यावर गाठलं.

"चिडू नका. नकार नाहीये तो. गाडी चालली की मी तळेगावला जाणार, एवढंच त्यांच्या डोक्यात आहे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. परवा विचारत होते, 'मास्तरांकडं ग्यास हाय का गं? तुला धूर सोसत न्हाई.'"

"तुला हे माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"आणि बोलली नाहीस!"

"तुमचा हात बसत चालला होता," ती म्हणाली. तोंड फिरवून हसली. मग पदराने डोळे पुसले.

पॅसेंजर चुकली. बाकावर बसून राहिलो. राग धरायला कोणी सापडेना.

२३ ऑक्टोबर

भिकाजीभाऊंकडे गेलो नाही. लोणावळ्यातच होतो. खोल्या पाहत हिंडलो.

३० ऑक्टोबर

सांगितलं: पुतळाबाईंची मागची खोली घेतली आहे. लग्नानंतर शालन आणि मी तिथेच राहू. तळेगावच्या शाळेत मी आगगाडीने ये-जा करीन.

भिकाजीभाऊंनी चष्मा लावला. गाडी मांडीवर उलटी घेतली, मोटर एका झटक्यात जागेवर सरकवली, पेचकस हातात घेतला.

"नुसतं बघताय काय? धरा की नीट, जावईबापू!"