मामांची विलायती गाडी आणि सोनईचे पाहुणे

काष्टी, ता. श्रीगोंदा

तीर्थस्वरूप सूर्यभानमामांना पार्थचा नमस्कार. (रागात आहे, पण नमस्कार घातला नाही तर आई पत्र फाडील.) तुमची शुगर आणि मामींचे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पोस्टाने लिहितो.

मामा, तुमची ती जुनी विलायती गाडी ताबडतोब घेऊन जा. पुण्यात सोसायटीत जागा नाही म्हणून तुम्ही ती आमच्या गोठ्यात आणून लावलीत. गायी उन्हात गेल्या, त्याचं मी काही म्हणत नाही. (म्हणतो. दूध निम्म्यावर आलं.) पण मुलगी बघायला हीच गाडी ने, आणि कुणी विचारलं तर खुशाल 'आमचीच' म्हण, हा सल्ला तुमच्याकडे कोणी मागितला होता? शेती करणाऱ्या मुलाला आजकाल कोण मुलगी देतं? सोनईचं हे एकच स्थळ, ज्यांनी आपणहून बोलावलं. मी साधी जीप सांगणार होतो.

निघताना कडूआत्याने गाडीला ओवाळलं. चाकांखाली लिंबं ठेवली, इथवर ठीक. पण बंपरवर ज्या गोल टिकल्या आहेत, त्या तिला कुंकवाच्याच जागा वाटल्या. "बघ, इंग्रजांनीबी जागा सोडलीय," म्हणत तिने प्रत्येकीवर ओलं हळदकुंकू थापलं, वर अक्षता. त्या टिकल्या म्हणजे गाडीचे डोळे असतात, त्यांच्यापुढे काही आलं की गाडी ओरडते, हे सांगायचं सोडून तुम्ही आम्हाला सीट गरम कशी करायची ते शिकवलंत. मे महिन्यात!

मग काय, गाडी जरा हळू झाली की किंचाळायची. नगरच्या चौकात लोक रुग्णवाहिका समजून बाजूला झाले. दादा, म्हणजे तुमचे दाजी, मागे आरामात रेलून म्हणत होते, "वरडू दे रं, सीट लई मऊ हाय." सोनईला दारात तर ती गप्पच बसेना. अख्खी आळी जमली. मी बोनेट उघडलं, लावलं, परत उघडलं. शेवटी घरातून एक मुलगी ओलं फडकं घेऊन आली, तिने बंपर पुसला आणि गाडी शांत झाली. मी म्हणालो, "थँक्यू, ताई."

तीच ज्ञानेश्वरी. जिला बघायला गेलो होतो ती.

तिचे चुलते सहादेवराव ओट्यावरूनच ओरडले, "आता पोहे कशाला? राखीच आना की!" पुढे तिच्या वडिलांनी, राधाकृष्णरावांनी, विचारलं, "गाडी कुनाची म्हनायची?" आणि मी तुमचं ऐकून बोललो, "आमचीच." तेव्हापासून मला जेवण जात नाही. एक तर भावी बायकोला ताई म्हटलं, वर तिच्या बापाशी खोटं बोललो. दोन्ही पापं तुमच्या खाती.

आणि घरात कुणालाही राग नाही! दादा पेपर गाडीत बसून वाचतात. आई आतलं लाकूड खोबरेल तेलाने पुसते. भरलेलं पोतं अलगद खाली ठेवावं, तसा गाडीच्या दाराचा आवाज येतो. तो ऐकायला आळीतली माणसं येऊन दार उघडझाक करत बसतात. परवा तासभर मीही आत बसलो होतो, पण रागाने.

रविवारच्या आत गाडी नेली नाहीत, तर मी तिच्यात कडबा भरीन.

आपला (नाइलाजाने) भाचा,
पार्थ

ता. क. : पाकीट चिकटवणार तोच राधाकृष्णरावांचा फोन आला. पसंती आहे.

आणखी ता. क. : मागोमाग ज्ञानेश्वरीचा आला. मी एका दमात खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "माहीत होतं मला. दारात उतरल्यावर किल्ली किती जपून खिशात घातलीत! स्वतःच्या वस्तूला एवढं कोण भितं? मला काय गाडीशी लग्न करायचंय? पण आबांनी (म्हणजे राधाकृष्णरावांनी) जावयाची गाडी म्हणून गावभर सांगून ठेवलंय. त्यांना खरं कसं सांगायचं ते हळद लागली की मी बघते."

शेवटचा ता. क. : तेव्हा लग्नापर्यंत गाडी नेऊ नका. नवरदेवाची मिरवणूक तिच्यातूनच निघायची आहे. राग माझा आहे तसाच आहे. लग्नाला एसटीने या, आणि मांडवासमोर गाडी दिसली की चार माणसांत मोठ्याने विचारा, "वा पार्थ, कधी घेतलीस?"