पिवळी बोट आली म्हणे

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी जाड झालोय का, असं विचारलंस. झालोय. चाळिशी उलटली तरी तू पाकिटावर ‘चिमण’ लिहितेस आणि पोस्टमन ते धक्क्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतो, त्याबद्दल वेगळं भांडेन. आज तुला एक विचारायचंय, कारण इथे कुणाला विचारायची सोय राहिलेली नाही.

मागच्या खेपेला आम्ही ट्यूनासाठी पार आत गेलो होतो, जिथे हिरवं पाणी संपून एकदम शाईसारखं निळं होतं तिथवर. बोटीवर नेहमीसारखे दोघंच. सुकाणूला मी आणि इंजिनाला आमच्या हिचे दादा, मेव्हणेबुवा. मासे उसळत होते, वरून पक्षी पाण्यात कोसळत होते, फक्त गळ टाकायचे बाकी होते. आणि वारा पडला. कुणी दार लावून घ्यावं तसा. पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं आणि भलत्याच बाजूने लांबलांब, संथ लाटा यायला लागल्या. वारा नाही आणि लाट आहे, तीही उलटी! मी बोट वळवली. मेव्हणेबुवा म्हणाले की रेडिओवर हवा ठीक सांगितलीय, निदान एकदा गळ टाकून बघू. मी ऐकलं नाही. रिकामी बोट घेऊन घरी आलो.

आणि काही म्हणता काही झालं नाही, ताई. दुसऱ्या दिवशी बाकीच्या बोटी लख्ख उन्हात माणसाएवढाले मासे घेऊन परतल्या. तेव्हापासून मी दिसलो की धक्क्यावर कुणीतरी बोट ओलं करून हवेत धरतं, वाऱ्याचा अंदाज घेतल्यासारखं, आणि बाकीचे हसतात. मेव्हणेबुवा हसत नाहीत. ते जास्त लागतं.

मला खरंच काही दिसलं होतं, की मी नुसता घाबरलो होतो? किती आठवलं तरी उलगडत नाही. तू चष्म्याच्या दुकानात बसतेस, तुला लोकांच्या नजरेचं कळतं. माणसाला नसलेलं दिसू शकतं का?

तुझी भावजय धाकटी मजेत आहे. बर्फाच्या कारखान्यातून आली की तिचे हात इतके गार असतात की माझ्या मानेला लावून ती मला उठवते. माया आहे तेवढी पुरे, कमी मात्र करू नकोस.

तुझा
(तू म्हणशील तो) चिमण


९ मार्च

चि. चिमण यास,
अ. उ. आ.

पाकिटावर या वेळी मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिलंय. पोस्टमनची सोय.

नजरेचं म्हणशील तर रोज हेच बघते. गिऱ्हाइकाला दोन काचा दाखवते, कुठली बरी विचारते. छातीठोकपणे सांगतात, पहिली. त्याच दोन काचा त्याच क्रमाने पुन्हा दाखवल्या की तितक्याच छातीठोकपणे सांगतात, दुसरी. तेव्हा माणसाच्या नजरेवर माझा फारसा भरवसा नाही, तुझ्या काय नि माझ्या काय.

पण वादळ आलं नाही म्हणून तू चुकलास, हे मला पटत नाही. आलं असतं तर तुला शहाणा म्हटलं असतं, आणि तुझी अक्कल तर दोन्ही वेळेला सारखीच होती ना? हे लिहिलं आणि स्वतःच पुन्हा वाचलं. आता मलाच कळेना मी काय लिहिलंय. तुला कळलं तर घे, नाहीतर सोडून दे.

मला कळतं ते एवढंच. मागे तुमच्याकडे आले होते तेव्हा बोटीवरची ती नारिंगी तरंगती जाकिटं मेव्हणे उशाला घेऊन झोपले होते. ती अंगात घालायची असतात. पत्र मेव्हण्यांनाही वाचून दाखव आणि नुसतं ‘हो ताई’ लिहून माझी बोळवण करू नकोस.

धाकटीला सांग, गार हात अजून जरा वेळ मानेवर ठेवत जा. तुझी आठवण काढत बसलेली,

ताई


१५ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या. हे आणि दादा पुन्हा आत गेले आहेत. निघाले तेव्हा आभाळ निरभ्र होतं. रेडिओवर सकाळी सांगितलं हवा चांगली, दुपारी सांगितलं बदलती, आणि आत्ता सांगताहेत की लहान बोटींनी परत यावं. एका दिवसात तीन तऱ्हा! मी बर्फ फोडता फोडता ऐकत होते, हातोडा कुठे मारतेय तेही कळेना.

मग बंदर कचेरीतून निरोप आला की आपल्या बोटीचं बोलणं वायरलेसवर ऐकू आलं. मी तशीच धावले. वायरलेसवाले म्हणाले की आवाज माझ्या दादाचा होता, ते परत फिरताहेत, काळजी करू नका. मला रडूच फुटलं. पण मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं की शब्द नेमके काय होते. तेव्हा म्हणाले, दादा म्हणाला, आम्ही परत फिरत, आणि पुढे नुसती खरखर.

वन्सं, परत फिरतोय, की परत फिरत नाही? आपल्या बोलण्यात ‘नाही’ शेवटी येतं हो, आणि शेवटच खरखरीत गेला. वायरलेसवाले म्हणतात, एवढ्या वाऱ्यात कोण मुद्दाम कळवेल की परत येत नाही? मला पटतं. मग ह्यांची धक्क्यावर झालेली थट्टा आठवते आणि पटेनासं होतं. निघताना हे बूट घालत मान खाली घालून म्हणाले होते की या वेळी रिकामं येणार नाही. मी तेव्हा हसले होते.

तुमचा आधार वाटतो म्हणून लिहिलं. जीव थाऱ्यावर नाही, लोभ आहे तसा राहू द्या.

आपली
धाकटी


१६ मार्च

चि. चिमण यास,
अ. उ. आ., आणि एक चापट.

काल संध्याकाळी बातम्यांत समुद्र खवळल्याचं ऐकलं आणि मला काही सुचेना. आज सकाळी दुकान उघडल्या उघडल्या तुमच्या बंदर कचेरीला फोन लावला. किती वेळ लागेचना. लागला तेव्हा कुणीतरी गडबडीत होतं. मी विचारलं, ती पिवळी लहान बोट, दोन माणसांची, ती आली का? तर आली म्हणे, पहाटेच आली, दोघंही सुखरूप आहेत. फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला चुकून माझाच चष्मा घातला.

तर बेट्या, आलास ना? मागच्या खेपेची तुझी धास्ती खरीच होती. आता त्या बोटं ओली करणाऱ्यांना माझ्याकडे पाठव, एकेकाला नंबर काढून देते. धाकटीला जवळ घेऊन बस दोन दिवस. मी शनिवारी रजा मिळाली तर येतेच, आणि आले की आधी भांडणार आहे.

जिवात जीव आलेली,
ताई


१९ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

ह्यांच्या नावचं तुमचं पत्र आज आलं. मी फोडलं, माफ करा. वन्सं, ते आलेले नाहीत.

आलेली पिवळी बोट दुसरी होती, पलीकडच्या धक्क्यावरच्या दोन भावांची. कचेरीतल्या माणसाची तरी काय चूक, तुम्ही विचारलंत तसंच त्याने सांगितलं. मलाही त्या पहाटे कुणीतरी हाक मारून सांगितलं होतं, पिवळी बोट आली. मी केस न बांधताच पळत गेले. धुक्यातून पिवळा रंग दिसला, सुकाणूपाशी ह्यांच्याच अंगलटीचा माणूस दिसला. मी हात हलवला, त्यानेही हलवला. जवळ आल्यावर तो कोणी वेगळाच निघाला. तो बिचारा मला पाहून का कोण जाणे, माफी मागत होता.

तुमच्या दुकानाला सकाळपासून फोन लावतेय, लागत नाही. शोधायला मोठी बोट गेली होती, तिला एक बर्फाची पेटी तरंगताना मिळाली. पेटीवर आमच्या कारखान्याचा शिक्का आहे. पण तो शिक्का तर सगळ्याच पेट्यांवर असतो. लोक येतात आणि धीर धर म्हणतात. कशासाठी धरू तेच कुणी सांगत नाही. ते आलेत असं समजून मी आज सकाळी दोघांचा चहा टाकला, नंतर वाटलं की असं करणं वाईट, म्हणून ओतून दिला, मग वाटलं ओतणं जास्त वाईट.

शक्य असेल तर या. एवढंच मागणं.

आपली
धाकटी


२३ मार्च

ती. ताईस, आणि शेजारी बसून हे वाचणाऱ्या धाकटीस,
सा. न. वि. वि. आणि जे काय असेल ते सगळं.

काल फोनवर जिवंत आहोत एवढंच सांगता आलं, मग धाकटी रडायला लागली, तिच्या हातून तू फोन घेतलास, तूही रडायला लागलीस आणि लाइन गेली. म्हणून लिहितोय. मेव्हणेबुवांचा हात मोडलाय, माझ्या बरगड्या दुखताहेत. आम्हाला पाण्यातून काढणारं मालवाहू जहाज उलट्या दिशेला चाललं होतं, ते थेट या लांबच्या बंदरात येऊन थांबलं. जहाजावरच्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आणि खाणाखुणांनी त्यांना तुमचा फोन नंबर कसा सांगणार!

झालं ते असं. वारा पुन्हा तसाच पडला, तसंच तेलासारखं पाणी, तशीच उलटी लाट. मेव्हणेबुवा म्हणाले, वळू या. मी नाही म्हणालो. मागे फसलो होतो ना? दोन मोठे ट्यूना ओढले, खाली जागा करेपर्यंत डेकवरच ठेवले. बर्फाच्या खणाचं झाकण उघडंच होतं. आमिषाचे छोटे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून डेकच्या कडेची पाणी जायची भोकं आम्ही चिंध्या कोंबून बुजवली होती, नेहमी बुजवतो तशी. मग वारा आला तो दुसऱ्याच बाजूने. पहिली लाट डेकवर आली ती बाहेर गेलीच नाही, उघड्या खणातून खाली उतरून इंजिनापर्यंत पोचली. ते दोन मासे साबणासारखे या कडेहून त्या कडेला घसरत होते आणि बोट त्यांच्याबरोबर कलत होती. मी चिंध्या उपसत होतो, मेव्हणेबुवा वायरलेसवर होते. ते काय बोलले मला ठाऊक नाही. मासे ढकलून दिले तोवर इंजिन बंद पडलं आणि बोट लाटेला आडवी झाली.

जाकिटं अंगात होती. तुझं पत्र मेव्हणेबुवांनी नाटकात वाचतात तसं वाचून दाखवलं होतं आणि थट्टेथट्टेत दोघांनीही ती चढवली होती. एका दोराने एकमेकांना बांधून घेतलं. बोट गेली तेव्हा काही आवाज झाला नाही. मी आवाजाची वाट बघत होतो.

मेव्हणेबुवा माझ्याशी बोलत नाहीत. मी चूक कबूल करायला गेलो तर भिंतीकडे तोंड करतात.

धाकटे, येतोय. तोवर ताईला सोडू नकोस.

चिमण


३० एप्रिल

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही गेल्यापासून घर मोठं झाल्यासारखं वाटतंय. ह्यांच्या बरगड्या बऱ्या आहेत, दादाचं प्लास्टर निघालं.

इथला गोंधळ मात्र संपत नाही. बंदराच्या साहेबांनी चौकशीसाठी दोघांना वेगवेगळं बोलावलं. हे म्हणाले, मेव्हणे वळू या म्हणत होते, मीच ऐकलं नाही. दादा म्हणाला, जावईबापू वळवायला निघाले होते, मीच त्यांना भित्रा म्हणून थांबवलं. साहेब वैतागले. म्हणाले, इतक्या वर्षांत दुसऱ्यावर ढकलणारे पाहिले, हे काय नवीन! एक माझा भाऊ, एक नवरा. दोघंही खोटं बोलणारे नाहीत. मग खरं काय? कोण कुणाला पाठीशी घालतंय, की दोघांनाही खरोखरच तसंच आठवतंय?

दादाला मी एकटं गाठून विचारलं की वायरलेसवर तू काय म्हणणार होतास. तो म्हणाला की वाक्य सुरू केलं तेव्हा त्यालाच माहीत नव्हतं ते कसं संपवायचं. मी पुढे विचारलं नाही.

दोघांचा अबोला तसाच होता. जेवायला समोरासमोर बसायचं, आणि बोलायचं ते माझ्यामार्फत. काल एका ओळखीच्यांची लहान बोट इंजिन दुरुस्त करून झाली, ती पाण्यात घालून बघायची होती. दोघं न बोलता बोट चालवणार कशी? म्हणून मला नेलं. मी आयुष्यात कधी बोटीत पाय ठेवला नव्हता, बर्फ देऊन मागे वळणारी मी! जाकीट गळ्यापर्यंत आवळून मध्ये बसले. दादा म्हणे, त्यांना सांग जरा डावीकडे घ्या. हे म्हणत, त्यांना सांग ऐकू आलं.

बंदराच्या तोंडापाशी पोचलो आणि वारा पडला. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. उन्हात पाणी चकाकत होतं, छान दिसत होतं. पण दोघांनीही एकदम माझ्याकडे पाहिलं. एकमेकांकडे नाही, माझ्याकडे. मला काही दिसलं नाही, वन्सं, खरंच नाही. मी म्हटलं, वळवा. ह्यांनी काही न विचारता सुकाणू फिरवलं, दादाने काही न विचारता इंजिनाचा जोर वाढवला.

धक्क्याला लागलो. त्यानंतर दिवसभर समुद्र असा शांत होता की पोरं पोहत होती. मी बरोबर सांगितलं की चूक, मला सांगता येणार नाही, आणि त्या दोघांनीही विचारलं नाही. बोट बांधताना मात्र दादा ह्यांना थेट म्हणाला की गाठ सैल आहे. हे म्हणाले, इतकं कळतं तर स्वतः बांधा. दादा म्हणाला, दोर तरी सोडा हातातला. घरी येईपर्यंत, चप्पल काढेपर्यंत, हात धुवेपर्यंत दोघं त्या गाठीवरून भांडत होते, तावातावाने, एकमेकांच्या तोंडाकडे बघून. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. भाजी करपली तरी बाहेर आले नाही.

तुमच्या मायेची सवय झालीय, ती मोडू देऊ नका.

आपली
धाकटी