वयात न बसणारा फॉर्म

२६ मार्च
आज पुन्हा वणीच्या क्लासची टेस्ट बुडवली. बाबाले पोट दुखते म्हणून सांगतलं. दुखते खरंच, पण मुकुटबनच्या स्टँडवर गेलं की जास्त दुखते. तिथं तो फ्लेक्स! निळी साडी, हातात गुलाब, खाली 'भावी डॉक्टर दीपा'. बारावीच्या निकालावर जयंती मंडळाच्या वामनरावांनी लावला. त्यानंतर दोनदा नीटमध्ये आपटली मी. फ्लेक्स मात्र जागचा हलला नाही.

२९ मार्च
मम्मी सरकारी दवाखान्याची आशाताई. घरोघरी सर्वे करते, अन् तिचे फॉर्म मी साफ अक्षरात उतरवून देते. तीस वर्षांच्या वरच्या लोकांचे. बीपी, तंबाखू, खोकला. अन् सगळ्यात शेवटी दोन प्रश्न — मागच्या दोन आठवड्यांत कामात मन लागलं नाही, असं किती वेळा झालं? उदास, निराश वाटलं, असं किती वेळा?

मम्मी सगळ्यांच्या पुढं 'मुळीच नाही'वर टिक करून आणते. इंदूबाईचा नवरा मागच्या महिन्यात वारला, तरी तिचंही 'मुळीच नाही'! मी विचारलं तर म्हणे, ते दोन मी विचारतच नाही. बाई रडाले लागली तर मी काय करू? उठून पुढच्या घरी जाऊ?

३ एप्रिल
अकरा वाजेपासून एक वाजेपर्यंत एकच पान. मागचा पेपर डोक्यात फिरत राहते. तो प्रश्न असा काहून सोडवला, तसा काहून नाही. अन् शेवटी येऊन तेच — माह्यातच खोट आहे. मोठा भाऊ अश्वजितदादा पुण्याहून फोनवर म्हणते, जास्त विचार करू नको. बाप्पा! विचार म्हणजे काय नळ आहे, फिरवला की बंद?

९ एप्रिल
काल वादळात फ्लेक्स फाटला! बाबा हळहळले. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१४ एप्रिल
जयंती. विहारासमोर नवा फ्लेक्स. जुन्याहून मोठा.

वामनराव माईकवर म्हणाले, आपली लेक यंदा डॉक्टर होणारच. टाळ्या. बाबाचे डोळे भरून आले. सगळे चांगले लोक आहेत, हेच तर! कोणी वाईट असतं तर भांडली असती. मिरवणूक निघायच्या आधीच घरी आली अन् मोरीत जाऊन बसली. बाहेर डीजे. श्वास पुरेना. वाटलं, डोळे मिटावे अन् पुन्हा उघडूच नये. हे मी पहिल्यांदा लिहून राह्यली. 

१५ एप्रिल
फॉर्म उतरवता उतरवता एक कोरा घेतला. नाव दीपा. वय १९. बीपी, तंबाखू, सगळं रिकामं. शेवटच्या दोन प्रश्नांले टिक — जवळपास रोज. जवळपास रोज.

गठ्ठ्याच्या मधात घातला. मम्मी वाचत नाही, सही करते अन् जमा करते. म्हणजे दवाखान्यात कोणी तरी तो वाचीन. कोणी तरी अनोळखी. घरच्यांले तोंडानं सांगणं मले जमत नाही.

१६ एप्रिल
गठ्ठा उद्या जाईन. काढून घेऊ काय? लोक म्हणतीन, आशाताईचीच पोट्टी अशी! दोनदा उठली, दोनदा परत बसली. मम्मी तिकडं सह्या करून राह्यली.

१७ एप्रिल
मम्मी गठ्ठा द्याले गेलीच नाही. दुपारी बाहेर गेली अन् दाराची कडी वाजवली. आपल्याच घराची! चपला काढल्या, पिशवीतून माह्यावाला फॉर्म काढला, समोर खाली बसली.

"मी आशाताई. दोन गोष्टी विचारायच्या होत्या. तुम्हाले वेळ आहे काय?"

तुम्हाले म्हणाली मले. पहिला प्रश्न तिनं पूर्ण वाचला. मी रडाले लागली.

ती उठून गेली नाही. दुसराही विचारला.